आशाताईंच्या कामाचे मोल रुग्णसंख्येवर ठरू नये

मा. संपादक,
सादर नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या वृत्तपत्रात गडचिरोली जिल्ह्यातील हिवतापाच्या रुग्णांचे आकडे येऊ लागतात. मागच्या वर्षीपेक्षा किती वाढले, किती घटले, कोणत्या तालुक्यात किती, हे सारे त्यात असते आणि ते छापलेच पाहिजे. परंतु हे आकडे जिच्या हातून जन्माला येतात, त्या आशा स्वयंसेविकेला आपल्या कामात समाधान मिळते की नाही, आणि मिळत नसेल तर ते का, याची चौकशी संपाची बातमी येईपर्यंत कोणी करीत नाही. मी या जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत सत्तावीस वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. त्यातील शेवटची पंधरा वर्षे प्रामुख्याने आशाताईंनी आणलेल्या रक्तनमुन्यांच्या काचपट्ट्या तपासण्यात गेली. त्या अनुभवाच्या बळावर एक गोष्ट आपल्यामार्फत वाचकांपुढे आणि आरोग्य खात्यापुढे ठेवावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. हिवतापाच्या कामासाठी या महिलांना मोबदला देण्याची जी पद्धत आपण ठरवली आहे, तिच्यात आशाताईने गावातला हिवताप कमी केला की तिची मिळकतही कमी होते. तिच्या समाधानाला सर्वांत मोठा तडा इथे जातो, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी हे काम जवळून पाहिलेले नसेल, म्हणून ते थोडे तपशिलाने सांगतो. टोल्यावर, म्हणजे लहान वस्तीवर, कोणाला थंडी वाजून ताप आल्याचे कळले की आशाताई त्याच्या घरी जाते. डाव्या हाताची अनामिका स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, ती सुकू द्यायची, लॅन्सेटने टोचायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि पुढच्या थेंबांतून काचपट्टीवर एक जाड व एक पातळ असे दोन लेप घ्यायचे. पातळ लेप वाळला की त्यावरच शिसपेन्सिलीने रुग्णाचा क्रमांक घालायचा. रक्ताचा आणखी एक लहानसा थेंब तपासणी किटच्या पट्टीवर सोडायचा, वरून द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. घरातली सगळी माणसे तेवढा वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहत असतात. आमच्या भागात ताप आला की पुजाऱ्याकडे जाण्याची रीत जुनी आहे, आणि माडिया आदिवासी कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांना पट्टीवरच्या दोन रेघांवर विश्वास ठेवायला लावणे हे मराठीतून छापलेल्या भित्तीपत्रकाचे काम नव्हे. ते त्यांच्याच बोलीत बोलणाऱ्या, त्यांच्याच नात्यागोत्यातल्या बाईला जमते. पट्टीवर फॅल्सिपॅरम या हिवतापाच्या घातक प्रकाराची रेघ उमटली तर उपचार त्याच दिवशी सुरू व्हावे लागतात, कारण हाच प्रकार मेंदूत चढतो, आणि लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर एका रात्रीचा उशीरही जिवावर बेततो.

व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार निघाला तर धोका तितका तातडीचा नसतो, परंतु आशाताईची खरी परीक्षा तिथे होते. त्यात क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि माणूस कामाला लागतो. पण या जंतूचे एक रूप यकृतात दडून राहते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणते, त्याच्यासाठी पुढचे सगळे दिवस गोळी घ्यायची असते. ठणठणीत दिसणाऱ्या माणसाला आणखी अकरा दिवस गोळी गिळायला लावणे हे तापाने फणफणलेल्याला गोळी देण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. त्यातून धान निसवण्याच्या दिवसांत रानडुकरांपासून राखण करायला माणसे रात्री शेतातल्या मचाणावर झोपतात आणि मच्छरदाणी घरी खुंटीलाच राहते. अशाच एका हंगामात एका आशाताईने सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला या गोळ्या देण्यासाठी रोज संध्याकाळी गावापासून दोन किलोमीटरवरच्या शेतात चकरा मारल्या. गोळी हातात ठेवून ती परतत नसे; त्याचे चार घास खाऊन होईपर्यंत बांधावर बसून राही, कारण उपाशीपोटी प्रायमाक्विन घेतले की पोटात कळा येतात आणि दुसऱ्या दिवशी पोरगा गोळी चुकवतो, हे तिला अनुभवाने कळले होते. मी निवृत्त झालो तेव्हा रक्तनमुना घेण्याचे किंवा किटने तपासण्याचे १५ रुपये आणि उपचार पूर्ण करून घेण्याचे ७५ रुपये असा दर होता. चौदा चकरांवर हे ७५ रुपये वाटले तर एका चकरेला साडेपाच रुपयेही पडत नाहीत. महिनाअखेरीस ती केंद्रात आली तेव्हा पैशांविषयी एक शब्द बोलली नाही. “भाऊ, चवदाच्या चवदा गोळ्या माह्यासमोर गिटल्या पोरानं. आता नाही येत त्याचा ताप,” एवढेच तिने सांगितले, आणि तेही कोणी विचारण्याआधी, दारातूनच सांगितले. कामातले समाधान या शब्दांचा अर्थ मला तिथे कळला.

मात्र हे समाधान आपोआप टिकत नाही. ते टिकवण्यासाठी केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे करणाऱ्याला कळावे लागते. आमच्याकडे काचपट्ट्या वहीच्या कागदात गुंडाळून येत. नियमाप्रमाणे रक्तनमुना चोवीस तासांत तपासला गेला पाहिजे. प्रत्यक्षात जुलै-ऑगस्टमध्ये नाल्यांना पूर असला की काचपट्ट्या आठवडाभर वाटेतच अडकत आणि कधी बुरशी धरून पोहोचत. पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली गेला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आपण दरवर्षी छापता; त्या दिवसांत तापाच्या माणसाचे रक्त प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत नाही, हा तिचा दुसरा अर्धा भाग आहे. काच पोहोचली, रंगवली, तपासली आणि तिच्यात जंतू सापडला, तरी तो निकाल आधी नोंदवहीत जाई, तिथून अहवालात, अहवालातून तालुक्याला आणि पुढे जिल्ह्याला. जिने बोट टोचले तिला तो सांगायचा, अशी तरतूद कागदावर होती. अमलात ती क्वचितच येत असे आणि यात माझाही दोष होता, हे मी मान्य करतो. नऊ किलोमीटर चालून येणारी एक आशाताई दर वेळी खिडकीशी थांबून विचारायची, “माह्या काचा पाहल्या काय, भाऊ? कोनाले हाय?” आणि मी कामाच्या घाईत “अहवाल येईल” असे सांगून तिला वाटेला लावत असे.

एके दिवशी पाऊस होता, तिला परत जाता येत नव्हते, म्हणून मी तिला आत बोलावले आणि तिनेच आणलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली लावून दाखवली. जेएसबी रंगाने रंगवलेल्या लेपात जंतूचे अंग निळे आणि केंद्रक लाल दिसते. सुरुवातीला तिला काही कळेना. मग अंगठीसारखे कोवळे जंतू तिच्या नजरेत बसले, आणि दुसऱ्या एका काचेत फॅल्सिपॅरमची चंद्रकोरीच्या आकाराची रूपे दिसली. ही चंद्रकोर डासाच्या पोटात गेली की पुढचा प्रसार सुरू होतो, म्हणजे या माणसाला चावलेला डास आता दुसऱ्याला आजारी पाडू शकतो, असे मी सांगितल्यावर ती बराच वेळ काचेतून मान वर काढीना. हा रुग्ण कोणत्या घरचा, त्याच्या शेजारी कोण राहते, पाळण्यातले मूल कुणाकडे आहे, हे सारे तिच्या डोक्यात त्या वेळी जुळत असले पाहिजे, कारण परत जाताना तिने जास्तीच्या किट मागून घेतल्या आणि दोन दिवसांत त्या घराभोवतीच्या सर्व घरांचे नमुने घेऊन आली. त्यानंतर तिच्या काचा ओळखू येत: जाड लेप नेमका, पातळ लेप शेपटीसारखा निमुळता, क्रमांक स्वच्छ. मी तिला कोणतेही बक्षीस दिले नव्हते आणि कोणी तिच्या मानधनात एक रुपयाही वाढवला नव्हता. पुढे मी केंद्रात येणाऱ्या प्रत्येक आशाताईला वर्षातून एकदा तरी भिंगातून पाहायला लावीत असे. याला खर्च काही लागत नाही, दहा मिनिटे लागतात, आणि ज्या केंद्रात सूक्ष्मदर्शक आहे तिथे आजही ते करता येईल.

शिकण्याची ही भूक मी अनेकींमध्ये पाहिली आहे. एक ताई एकदा फार गोंधळून आली होती. तिने फॅल्सिपॅरमच्या रुग्णाला सर्व गोळ्या वेळेवर दिल्या, ताप गेला, पण दोन आठवड्यांनी सर्दीतापात पुन्हा किट लावली तर रेघ तशीच उमटली. गावात बोलले जाऊ लागले की सरकारी गोळ्या खोट्या आहेत आणि ताईला काही कळत नाही. या किट जंतूने सोडलेले प्रथिन ओळखतात, आणि जंतू मेल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहू शकते, म्हणून अशा वेळी काचपट्टीच पाहावी लागते, हे तिला प्रशिक्षणात कोणी नीट सांगितले नव्हते. काच पाहिली, जंतू नव्हता. ती तो निकाल लिहून घेऊन गेली. तिचा गावातला शब्द राहिला. प्रशिक्षणाच्या नावाखाली दिवसभर बसवून नवे रकाने कसे भरायचे एवढेच शिकवले, तर गावाच्या प्रश्नांपुढे ती एकटी पडते, आणि एकटे पडलेले माणूस आपल्या कामावर प्रेम करू शकत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो. एका टोल्यावर, तिथल्या आशाताईच्या चिकाटीमुळे, तीन वर्षांत हिवतापाचे रुग्ण झपाट्याने घटले. दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधी मच्छरदाण्या तिने घरोघरी खुंटीवरून काढून प्रत्यक्ष बांधायला लावल्या होत्या, फवारणीच्या दिवशी घरे उघडी राहतील असे पाहिले होते, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात मुक्कामाला जाणाऱ्या कुटुंबांना ती मच्छरदाणी सोबत घेतल्याशिवाय निघू देत नसे. चौथ्या वर्षी सप्टेंबरअखेर ती मागणीपत्रक भरायला केंद्रात आली. तापाचे रुग्ण कमी, म्हणून नमुने कमी. पॉझिटिव्ह जवळजवळ नाहीत, म्हणून पूर्ण उपचाराचे पैसे नाहीत. तिच्या पत्रकातला हिवतापाचा रकाना मागच्या वर्षांच्या मानाने अगदीच रिकामा होता. तिने मला सरळ विचारले, “यंदा ताप नाही आला म्हणून पैसे पण नाही आले काय, भाऊ?” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तिला खरोखरच समजून घ्यायचे होते, आणि माझ्यापाशी तिला देण्यासारखे उत्तर नव्हते. त्या महिन्यात ती काही कमी हिंडली नव्हती. उलट, रुग्ण विरळ झाले की एकेक ताप शोधून काढण्यासाठी अधिक हिंडावे लागते. आणि ज्यांच्या अंगात जंतू आहे पण ताप नाही अशी माणसेही आमच्या भागात असतात, त्यांच्यापर्यंत पोहोचणे तर आणखी कष्टाचे. सीमेपलीकडे छत्तीसगडने २०२० मध्ये मलेरियामुक्त बस्तर अभियान सुरू केले तेव्हा ताप असो वा नसो, घरातल्या प्रत्येकाची तपासणी करण्यावर भर दिला, तो याच कारणाने.

या रचनेचा आणखी एक परिणाम होतो, तो फारसा बोलला जात नाही. वर्षाला लोकसंख्येच्या किमान दहा टक्के रक्तनमुने घेतले गेले पाहिजेत, असा दंडक आहे, आणि देखरेख टिकावी म्हणून तो योग्यच आहे. पण तापाचे रुग्ण मिळेनासे झाले की वरून उद्दिष्टाचा तगादा सुरू होतो आणि मग पडवीत बसलेल्या म्हाताऱ्याचे, शाळेतल्या मुलांचे बोट केवळ संख्या भरण्यासाठी टोचले जाते. अशा काचा तंत्रज्ञाला लगेच कळतात. एकाच दिवसाच्या, एकाच ओळीतल्या घरांच्या, सर्व निरोगी. ज्या बाईला चौदा गोळ्या गिळवल्याचा अभिमान वाटतो, तिलाच आपण असे नमुने गोळा करायला लावतो तेव्हा तिच्या मनात काय येत असेल, याचा विचार उद्दिष्ट ठरवणाऱ्यांनी केला पाहिजे.

रोग कमी झाला की त्याच्यावर काम करणाऱ्यांचे महत्त्व कमी करायचे, ही चूक या देशाने एकदा केली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मृत्यू होत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले आणि १९६५ मध्ये रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. हिवताप संपल्यातच जमा आहे, असे तेव्हा मानले गेले. देखरेख सैल पडली, औषधे व कीटकनाशके वेळेवर मिळेनाशी झाली, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. आज आपण पुन्हा अशाच वळणावर उभे आहोत. २०१५ मध्ये देशात ११ लाख ६९ हजार रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ मध्ये ती संख्या २ लाख २७ हजारांवर आली, आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वाधिक हिवतापग्रस्त देशांच्या गटातून भारत बाहेर पडला. २०२७ पर्यंत देशांतर्गत प्रसार शून्यावर आणायचा आणि २०३० पर्यंत हिवतापाचे उच्चाटन करायचे, असे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. ते गाठायचे असेल तर शेवटचा रुग्ण शोधणारी व्यक्ती टोल्यावर असली पाहिजे, आणि तिला तो शोधल्याबद्दल उपाशी राहण्याची पाळी येता कामा नये.

आशाताईंच्या मिळकतीत काहीच सुधारणा झाली नाही, असे माझे म्हणणे नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरावीक कामांचा मासिक मोबदला १,००० रुपयांवरून २,००० रुपये केला आणि पुढेही वाढवला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ पासून संप झाले, आझाद मैदानात महिला दिवसेंदिवस बसून राहिल्या, आणि त्यानंतर मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. हे श्रेय त्या महिलांच्या चिवटपणाचे आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील सर्व आशा स्वयंसेविकांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला, तेव्हा आमच्या केंद्रातही ती बातमी वाचून दाखवली गेली आणि कित्येकींच्या डोळ्यांत पाणी आले. हा सन्मान त्यांना मनापासून हवा होता. परंतु ठरावीक रक्कम वाढली तरी हिवतापाच्या कामाचा भाग अजून नगावरच मोजला जातो, आणि जो मोबदला देय आहे तो हाती पडेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन महिने उलटतात. जिच्या घरी मोहफुले आणि तेंदूपत्ता एवढेच रोख पैशाचे साधन आहे, तिला हे तीन महिने किती लांब असतात, हे महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्या आम्हा कर्मचाऱ्यांना सहजी कळत नाही.

पैशांइतकीच, किंबहुना पावसाळ्यात पैशांहून अधिक, त्यांना सलते ती किट आणि गोळ्या संपण्याची गोष्ट. घरात तापाचे मूल आहे, आई ताईच्या दारात आली आहे, आणि ताईची पेटी रिकामी आहे, हा प्रसंग तिला गावासमोर खोटे पाडतो. पुढच्या वेळी ती आई तिच्याकडे येत नाही. पुजाऱ्याकडे किंवा सलाईन लावणाऱ्या बोगस डॉक्टरकडे जाते. मी काम केलेल्या एका केंद्रात एका वर्षी ऐन ऑगस्टमध्ये लहान मुलांच्या मात्रेची पाकिटे नव्हती आणि मोठ्यांच्या गोळ्यांचे तुकडे करून द्या, असे तोंडी सांगितले गेले. एका ताईने तसे करायला नकार दिला आणि मुलाला कडेवर घेऊन, आईला सोबत घेऊन, अकरा किलोमीटर चालत केंद्रात आली. तिला त्याबद्दल शाबासकी मिळायला हवी होती. तिला उशिरा आल्याबद्दल बोलणी बसली. पुरामुळे तुटणारी गावे कोणती, हे जिल्ह्यात प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या गावांच्या आशाताईंच्या पेटीत मेअखेरीसच चार महिने पुरतील इतक्या किट आणि सर्व वयोगटांच्या गोळ्या पोहोचवणे ही अवघड गोष्ट नाही.

आणि त्या स्वतः आजारी पडतात तेव्हाचे काय? हिवतापाच्या गावात राहणारी आशाताई त्याच डासांत राहते. तिची काच मी अनेकदा पॉझिटिव्ह पाहिली आहे. एकीने आपलीच काच स्वतः घेतली होती, क्रमांकही स्वतः घातला होता, आणि थंडीने कापणाऱ्या हातामुळे तो वेडावाकडा आला होता. तापाचे ते आठ दिवस ती घरी पडून राहिली, आणि त्या दिवसांत तिने काही काम केले नाही म्हणून त्या कामांचा मोबदलाही तिला मिळाला नाही. आम्हा कायम कर्मचाऱ्यांना वैद्यकीय रजा होती. तिला स्वयंसेविका म्हणायचे आणि म्हणून रजा द्यायची नाही, पण कामाचा तगादा मात्र कर्मचाऱ्यासारखा लावायचा, हे न्यायाचे नाही, असे मला नोकरीत असतानाही वाटत होते आणि आज ते लिहिण्यावाचून राहवत नाही. फवारणीच्या हंगामी मजुरांची स्थिती याहून वाईट आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय होईल.

गावातल्या बाईवर विश्वास टाकला आणि तिला सतत शिकवत राहिले तर ती काय करू शकते, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकण्याची गरज नाही. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, कित्येकदा दलित महिलांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले. आमच्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्या महिलांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये त्या कामाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरातील आशाताईंच्या कामात घरभेटीतून बाळाची काळजी घेण्याचा समावेश झाला. या दोन्ही ठिकाणी बाईला तिच्या कामाचे फळ डोळ्यांसमोर दिसत होते: वाचलेले बाळ तिच्याच गल्लीत खेळत होते. हिवतापाचे फळ असे दिसत नाही. न आलेला ताप दिसत नाही. म्हणून ते तिला कोणीतरी दाखवून द्यावे लागते, आणि ते काम तिच्यावर देखरेख करणाऱ्यांचे आहे.

माझी मागणी साधी आहे. जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांसाठी, हिवतापग्रस्त तालुक्यांतील प्रत्येक आशाताईला हिवतापाच्या देखरेखीची ठरावीक मासिक रक्कम द्यावी, मग त्या महिन्यात तिच्या गावात चाळीस रुग्ण निघोत की एकही न निघो. ज्या गावात सलग तीन वर्षे स्थानिक रुग्ण निघाला नाही, तिथल्या ताईला ती रक्कम थोडी अधिक मिळावी. आज तिला सर्वांत कमी मिळते. नगावारी दर ठेवायचेच असतील तर ते या रकमेच्या वर असावेत, हिच्या जागी नव्हेत. प्रत्येक काचपट्टीचा निकाल तिला तीन दिवसांत दूरध्वनीवर कळावा, आणि जिथे संपर्क पोहोचत नाही तिथे बाजाराच्या दिवशी चिठ्ठीने. तिने पाठवलेल्या गंभीर रुग्णाचे रुग्णालयात पुढे काय झाले, हेही तिला कळवावे. कित्येकींना ते गावात मयताच्या बातमीतूनच कळते. याला किती निधी लागेल याचा हिशेब खात्याने मांडावा, आणि एका गंभीर रुग्णाला जिल्हा रुग्णालयात पोहोचवून वाचवण्याच्या खर्चाशेजारी तो ठेवून पाहावा.

आपणासही एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यात हिवतापाच्या रुग्णांचा आकडा छापताना त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे छापावेत: त्या तालुक्यातील किती आशाताईंच्या पेटीत त्या दिवशी किट आणि गोळ्या शिल्लक होत्या, आणि किती जणींना मागच्या महिन्याचा मोबदला मिळाला होता. आपल्या तालुका वार्ताहरांना हे दोन्ही आकडे कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात एका सकाळी मिळू शकतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
जि. गडचिरोली